बीपीडी (बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर) आणि व्यसन एकत्र असलेल्या स्त्रिया: आधी काय हातात घ्यायचं?

पायवाट (समुपदेशक)

नमस्कार मंडळी. निवासी व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी वेगळा विभाग उभा राहतोय. पुरुष विभागाचा साचा तयार आहे: आठवडाभर डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवणं), मग गटचर्चा, योगासनं, कुटुंबाची बैठक. आत असताना कुणी नशा केलेली सापडली तर त्याच दिवशी घरी. हाच साचा इकडेही लावावा असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण नुसतं "पटत नाही" म्हणून भागणार नाही, पर्याय लेखी द्यायचा आहे.

बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या स्त्रियांमध्ये एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. वय वीस ते पस्तीस. दारू, किंवा अल्प्राझोलम-झोल्पिडेमच्या (चिंतेच्या-झोपेच्या) गोळ्या, कधी कोडीनचं खोकल्याचं औषध. मनगटावर, मांडीवर जुन्या कापल्याच्या खुणा. गोळ्या खाऊन एकदोनदा दवाखान्यात भरती झालेली. फाइलीत एका कागदावर बायपोलर, दुसऱ्यावर डिप्रेशन, तिसऱ्यावर बॉर्डरलाइन, म्हणजे भावना झपाट्याने पालटणं, उतावळेपणा आणि कुणी सोडून जाईल याची टोकाची भीती. नातेवाईक म्हणतात "नाटकं करते".

विचारायचं ते असं: निदानावर विश्वास कधी ठेवायचा? आधी व्यसन सोडवून मग थेरपी, की दोन्ही बरोबर? झोपेच्या गोळ्या आतमध्ये किती आणि कशा द्यायच्या? आणि नशा केली की घरी, हा नियम ठेवावा का?

सह्यकडा (मनोविकारतज्ज्ञ)

निदानापासून सुरुवात करतो, कारण पुढचे बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) बॉर्डरलाइनचे नऊ निकष आहेत, त्यांतले पाच लागतात. उतावळेपणाच्या निकषात बेसुमार खर्च, बेफाम गाडी चालवणं यांच्या जोडीला नशेचंही उदाहरण दिलेलं आहे. म्हणजे पिणाऱ्या बाईचा एक निकष पिण्यामुळेच अर्धा भरतो. त्यात अल्प्राझोलमचा अंमल उतरत असताना येणारं रडू, संताप, बेचैनी हुबेहूब "भावनांच्या अस्थिरते"सारखी दिसते. म्हणून डिटॉक्सच्या पहिल्या दहा दिवसांत हे निदान कागदावर लिहू नये.

पण याच्या उलट चूकही तितकीच होते. "सगळं दारूमुळेच आहे, सहा महिने कोरडी राहू दे, मग बघू" असं म्हणून थांबणं. ती सहा महिने कोरडी राहू शकत नाही, ते याच आजारामुळे. त्यामुळे वाट बघत बसण्यापेक्षा इतिहास काळानुसार लावून घ्या. नशा सुरू होण्याआधी, शाळा-कॉलेजच्या वयात, कुणी सोडून जाईल या भीतीने जीव कासावीस व्हायचा का? स्वतःला इजा करणं नशेच्या आधी सुरू झालं की नंतर? गरोदरपणात किंवा माहेरी असताना महिना-दोन महिने काहीच घेतलं नव्हतं, तेव्हा मनःस्थिती कशी होती? नशा नसलेल्या काळातही हेच चित्र असेल तर डिटॉक्स उरकताच थेरपी सुरू करावी. हे विचारताना आई किंवा बहीण समोर असेल तर आणखी चांगलं, मात्र रुग्णाच्या परवानगीने.

बायपोलरशी गल्लत टाळायला एक सोपी फूटपट्टी आहे. बॉर्डरलाइनमध्ये मन तासातासाला पालटतं आणि बहुतेक वेळा मागे काहीतरी घडलेलं असतं: भांडण, न उचललेला फोन, कुणाचा बदललेला सूर. बायपोलरमधल्या हायपोमेनियाला (सौम्य उन्माद) सलग किमान चार दिवस लागतात, मेनियाला (पूर्ण उन्माद) आठवडा, आणि त्यात झोपेची गरजच कमी होते. हा फरक न पाहता "मूड स्विंग" एवढ्यावर व्हॅल्प्रोएट (मनःस्थिती स्थिर करणारं औषध) लिहिलेलं फार आढळतं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला, त्यातही जिच्या गर्भनिरोधनाचा भरवसा नाही तिला, हे औषध देणं टाळलंच पाहिजे. गर्भाच्या मज्जारज्जूवर आणि मुलाच्या बुद्धीवर त्याचे परिणाम सिद्ध झालेले आहेत. भरतीच्या दिवशी लघवीची गर्भधारणा चाचणी प्रत्येकीची करा, न विसरता.

आता डिटॉक्स. दारू थांबल्यावरचे झटके (फिट्स) शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत येतात, डिलिरियम (भान हरपणं, भास) ४८ ते ९६ तासांत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम (शांत करणाऱ्या गोळ्या) लक्षणांचा तक्ता पाहून द्यायचं, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शनने, आणि ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. दारूच्या डिटॉक्समधल्या या गोळ्या पाच-सात दिवसांत शून्यावर आल्या पाहिजेत, घरी जाताना चिठ्ठीत उरता कामा नयेत.

अल्प्राझोलमची गोष्ट वेगळी. ते एकदम बंद केलं तर झटके येतात, आणि चालू ठेवलं तर बॉर्डरलाइन असलेल्या स्त्रियांचा ताबा सुटतो. १९८८ मध्ये गार्डनर आणि काउड्री या दोघांनी १६ स्त्रियांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात अल्प्राझोलमवर असताना स्वतःला इजा करण्याचे आणि आक्रमकतेचे गंभीर प्रकार वाढलेले दिसले. औषध शांत करतं आणि ब्रेकही सैल करतं. म्हणून ते दीर्घ काळ टिकणाऱ्या डायझेपामवर वळवायचं (अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे ढोबळमानाने १० मिलिग्रॅम डायझेपाम) आणि दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के उतरवायचं. हे महिन्यांचं काम आहे, ३० दिवसांच्या मुक्कामात बसत नाही. घरी गेल्यावर आठवड्याच्या वर गोळ्या एका वेळी हातात द्यायच्या नाहीत. अल्प्राझोलम आणि झोल्पिडेम दोन्ही शेड्यूल एच-१ (नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी) मध्ये आहेत, दुकानदाराने नोंदवहीत लिहायला हवं. पण एकाच बाईकडे तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सापडतात. एक डॉक्टर, एक दुकान, हे पहिल्या भेटीतच ठरवा.

बॉर्डरलाइनसाठी स्वतःचं असं औषध नाही. लॅमोट्रिजिन या मनःस्थिती स्थिर करणाऱ्या औषधावर आशा होती, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७६ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत ते निष्प्रभ ठरलं. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेची २००९ ची मार्गदर्शिका तर या आजारासाठी म्हणून औषध देऊच नका असं सांगते. संकटाच्या वेळी झोपेचं-शांततेचं औषध लागलंच तर फार तर एक आठवडा. सोबत खरं डिप्रेशन असेल तर त्याचं औषध जरूर द्या, पण ॲमिट्रिप्टिलीन हे जुनं डिप्रेशनचं औषध नको: एक पट्टी खाल्ली तरी हृदयाची लय बिघडू शकते. जी गोळ्या खाऊन भरती झाली आहे, तिची प्रत्येक चिठ्ठी "ही सगळी एकदम खाल्ली तर काय होईल?" असं स्वतःला विचारून लिहावी.

दारूची तलफ कमी करायला नालट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम बरं पडतं. लिव्हरची तपासणी आधी, आणि कोडीन किंवा ट्रामाडॉल (दोन्ही अफूच्या जातीची औषधं) शेवटचं घेऊन किमान ७ ते १० दिवस झालेले हवेत, नाहीतर गोळी गिळल्यावर लगेच जोरदार विथड्रॉवल (नशा तुटल्याचा त्रास) येतो. त्याच कामाचं अकॅम्प्रोसेट लिव्हरला सोपं, पण दिवसाला सहा गोळ्या आणि किडनी ठीक हवी.

ओंजळ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

"आधी काय" याचं उत्तर: दोन्ही बरोबर, एकाच टीमकडे. अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलने १९९२ पासून २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा बरं होण्याशी सगळ्यांत घट्ट नातं निघालं ते नशेचा विकार नसण्याचं. डिप्रेशन किंवा पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार) नसण्याचा फरक त्यामानाने कमी होता. म्हणजे व्यसन बाजूला ठेवून थेरपी करणं हेही चुकीचंच.

डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी उभी केली, आणि पुढे नशेसाठी तिचं वेगळं रूप तयार केलं. १९९९ मध्ये त्याची पहिली चाचणी २८ स्त्रियांवर, मग २००२ मध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या २३ स्त्रियांवर. दुसऱ्या चाचणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या गटाला फक्त मनापासून ऐकून घेणं, समजून घेणं आणि बारा पायऱ्यांचा (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखा) कार्यक्रम मिळाला, त्या गटातल्या बाराच्या बारा जणी शेवटपर्यंत टिकल्या. डीबीटीच्या गटातल्या काही गळाल्या, पण शेवटच्या चार महिन्यांत नशा कमी राहिली ती त्यांचीच. तुमच्या विभागाला दोन्ही हवंय: थांबवून ठेवणारी माया आणि हातात देण्याजोगी कौशल्यं.

पूर्ण डीबीटी म्हणजे दर आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, दोन-अडीच तासांचा कौशल्य गट, सत्रांच्या मध्ये फोन, आणि थेरपिस्टांची स्वतःची साप्ताहिक बैठक. एवढं मनुष्यबळ नसेल तर खचू नका. २००९ च्या कॅनडातल्या १८० रुग्णांच्या चाचणीत नीट आखलेले साधे मानसोपचारही डीबीटीच्या तोडीस तोड निघाले. पण "नीट आखलेले" हा शब्द महत्त्वाचा. आठवड्याला ठरलेली वेळ, एकच जबाबदार व्यक्ती, संकटात काय करायचं याचा लेखी कागद.

छोट्या केंद्रात जमेल ते सांगते.

रोजचा तक्ता. एक कागद, सहा रकाने. तलफ ० ते ५, स्वतःला इजा करण्याची इच्छा ० ते ५, प्रत्यक्ष काय घेतलं, किती झोप, डॉक्टरांनी दिलेली औषधं घेतली का, पाळी चालू आहे का. पाळीचा रकाना लोक गाळतात. काहींची तलफ आणि चिडचिड पाळीच्या आधीच्या आठवड्यात ठरून चढते. दोन-तीन महिन्यांचे तक्ते शेजारी ठेवले की ते दिसतं आणि तो आठवडा आधीच बांधून घेता येतो.

साखळी उलगडणं. घसरण झाली की "का प्यालीस?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "माहीत नाही" किंवा रडणं. कडी कडी सोडवा. रात्री अकरा वाजले होते, नवऱ्याने फोन उचलला नाही, मनात आलं "मला टाकलंय", छाती धडधडली, कपाटातली बाटली आठवली, पहिला घोट, दहा मिनिटं हलकं वाटलं, मग लाज, मग लाजेपोटी उरलेली बाटली. यातली कोणती कडी सगळ्यांत सहज तुटली असती? बहुतेक वेळा ती "बाटली घरात होती" ही निघते. आणि लाजेची कडी विसरू नका, दुसरा-तिसरा पेग तिच्यामुळेच होतो.

परतीचे दोर कापणं. नशा हातात येण्याच्या सगळ्या वाटा बसून लिहून काढायच्या आणि एकेक बंद करायची: पुरवणाऱ्याचा नंबर, दुकानदाराला "देऊ नका" म्हणून स्वतः सांगणं, पर्समधली सुटी गोळी, बिग शॉपरच्या तळाशी ठेवलेली क्वार्टर. नंबर खोडताना समुपदेशकाने शेजारी बसावं.

संकटाच्या मिनिटांसाठी शरीराकडून सुरुवात करायची. भावना पाचवर असताना तर्क चालत नाही. बादलीत बर्फाचं गार पाणी, श्वास रोखून चेहरा अर्धा मिनिट बुडवायचा. नाडीचा वेग उतरतो. हृदयाचा आजार असेल किंवा जेवण बंद असेल तर हे करायचं नाही. त्याऐवजी लांब उच्छ्वास, किंवा दहा मिनिटं भरभर जिने चढणं.

आता घसरणीबद्दल डीबीटीची भूमिका. ध्येय शंभर टक्के नशामुक्ती, त्यात तडजोड नाही. पण पडलीच तर नीट पडायचं: पहिल्या घोटानंतर थांबणं हेही कौशल्य, लगेच कळवणं हेही कौशल्य. "आता मोडलंच आहे तर मोडू दे" या विचाराला आधीच उत्तर ठरवून ठेवायचं. तीन मनं शिकवते मी गटात. नशेतलं मन, सोडून पंधरा दिवस झाल्यावर "आता मला काही होत नाही" म्हणणारं कोरडं मन, आणि सोडलेलंही आहे पण धोका कुठे आहे ते दिसतंय असं जागं मन. लग्नसराईत घसरतं ते कोरडं मन.

पायवाट

दोघांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. नातेवाईक विचारतात, "दारू सोडायची गोळी जेवणात मिसळू का?" आणि नशा केली की घरी, हा नियम. व्यवस्थापन म्हणतं, नियम सैल केला तर बाकीच्यांवर परिणाम होतो.

सह्यकडा (मनोविकारतज्ज्ञ)

जेवणात मिसळायची ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. रुग्णाला न सांगता देणं बेकायदा तर आहेच, जिवावरही बेततं. तिच्यावर दारू पडली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळतो, क्वचित मृत्यू. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. बॉर्डरलाइनमध्ये मुळात उतावळेपणा असतो, आणि मरायच्या इराद्याने गोळीवर दारू पिणंही घडू शकतं. या स्त्रियांमध्ये मी हे औषध उघडपणेसुद्धा पहिल्या फळीत धरत नाही. शिवाय जेवणात काहीतरी घातलं होतं हे कळलं की विश्वासाचा धागा तुटतो आणि घरचं अन्नच टाळलं जातं.

पारिजात (मानसोपचार परिचारिका)

घरी पाठवण्याबद्दल. जी "मला सगळे सोडून जातात" या भीतीतून पिते, तिला प्यायल्याबद्दल रात्री आठ वाजता गेटबाहेर काढणं म्हणजे तिची भीती शाबीत करणं. आणि कोडीन किंवा हेरॉइन घेणारी असेल तर धोका दुप्पट: दोन आठवडे न घेतल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, बाहेर जाऊन जुनाच डोस घेतला तर श्वास बंद पडतो. नियम असा लिहा: नशा सापडली तर आधी तपासणी (किती घेतलं, आणखी काय घेतलं, नाडी-श्वास-रक्तदाब, डॉक्टरांना फोन), २४ तास निरीक्षणात, गटातून एक दिवस बाहेर, दुसऱ्या दिवशी साखळी उलगडणं आणि खोली पुन्हा तपासणं. दुसऱ्यांना नशा पुरवली तर दुसऱ्या केंद्रात हलवायचं, पण जागा ठरवून, गाडीत सोबत माणूस देऊन. गटाला हे कारणासकट समजावलं तर गट बिघडत नाही.

वॉर्डमधल्या काही गोष्टी. हँड सॅनिटायझर भिंतीवर लावून ठेवू नका, तो पितात. ब्लेड जप्त करतो तेव्हा शार्पनर, कंपास, फुटलेली बांगडी, आरशाचा तुकडा विसरतो. मिश्रीचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. तीही तंबाखूच आहे, पण दारू किंवा गोळ्यांच्या डिटॉक्सच्या पहिल्या आठवड्यात मिश्रीवरून लढाई नको. डब्याची नोंद करा आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निकोटीन गमसकट ती हातात घ्या.

जखम केली तर: शांत चेहरा, जखम धुणं, टाके लागतील का बघणं, धनुर्वाताची सुई, आणि कमी बोलणं. ओरडणं नको, पण दोन तास हात धरून बसणंही नको. सगळ्यांत जास्त आपुलकी जखमेनंतरच मिळते असं शरीर शिकून घेतं. त्याऐवजी जखम नसताना, तक्ता नीट भरला त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा.

आणि ड्यूटी बदलताना बोला. "तुम्हीच एकट्या चांगल्या, रात्रपाळीच्या सिस्टर दुष्ट" हे ऐकलं की सुखावतो आपण, आणि दोन दिवसांत स्टाफमध्ये दोन तट पडतात. ती मुद्दाम फूट पाडत नसते, तिला त्या क्षणी खरंच तसं दिसतं. उत्तर एकच: गोळ्या, फोन, बाहेर जाणं यांबद्दलचा निर्णय एका वहीत, तिन्ही पाळ्यांना तोच.

कंदील (वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती)

कायद्याचं थोडक्यात, कारण आराखड्यात लागेल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. स्वतःहून आलेली प्रौढ स्त्री कलम ८६ खाली येते, तिच्या संमतीशिवाय उपचार नाहीत. नवऱ्याने किंवा भावाने आणून सोडलं एवढ्यावर तिला डांबून ठेवता येत नाही. कलम ८९ च्या (स्वतः निर्णय घेता येत नसलेल्या रुग्णाच्या) भरतीला एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदत ३० दिवस. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं. "पोलीस केस होईल" म्हणून गोळ्या खाल्लेलीला दवाखान्यात नेण्यात घरचे उशीर करतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कलम २१ मध्ये आणखी एक तरतूद आहे, फार कमी केंद्रांना ठाऊक असलेली: उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. विभागात पाळणा, दूध तापवायची सोय आणि एक आया यांचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच घाला. बाळाचं काय करायचं या एका प्रश्नापायी किती जणी भरतीच होत नाहीत!

स्त्रिया आकड्यांत कमी दिसतात, त्याचंही भान ठेवा. केंद्र सरकारने एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. लपवणं इतकं खोल असताना जी दारात येते ती आजार बराच वाढल्यावर येते. शिवाय स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने लिव्हर लवकर बिघडतं.

कुटुंबाच्या पहिल्या बैठकीआधी तिला एकटीला विचारा: घरी मारहाण होते का? होत असेल तर नवऱ्याला "सहकारी" म्हणून समोर बसवणं धोक्याचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा नंबर फाइलीत असू द्या, शिवाय १८१. घर सुरक्षित असेल तर घरच्यांना तीन कामं द्या, भाषण नको. गोळ्या कुलपात आणि रोजच्या रोज हातात. शेतातलं कीटकनाशक, तणनाशक घराबाहेर आणि कुलपात. ग्रामीण भागात क्षणाच्या झटक्यात हात तिकडेच जातो. आणि भांडण पेटलं की वीस मिनिटं थांबायचं, पण "मी वीस मिनिटांनी परत येतो" असं सांगून. न सांगता उठून गेलं तर तिला तेच सोडून जाणं वाटतं.

पायवाट

मध्येच डिस्चार्ज मागून निघाली तर?

ओंजळ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

ते होणारच असं धरून चाला. नशेसाठीच्या डीबीटीत पहिल्याच सत्रांत हा विषय काढतात: "तू कधीतरी आम्हाला टाळशील. तेव्हा कुठे शोधू, कुणाला फोन केलेला चालेल?" दोन-तीन नावं आणि ठिकाणं तिच्याच अक्षरात लिहून घ्या, सहीसकट. निघाली तर त्याच संध्याकाळी फोन, उत्तर नाही आलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पोस्टकार्ड किंवा मेसेज: "मंगळवारची अकराची वेळ तुझीच आहे." चिडून नव्हे, गयावया करूनही नव्हे. जाताना तिच्या हातात एक कागद द्या: कोणती गोळी एकदम बंद करायची नाही, जुना डोस आता का घातक आहे, रात्रीबेरात्री मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि परत यायला पुन्हा प्रवेश अर्ज भरावा लागणार नाही हे ठळक अक्षरांत. हा शेवटचा मुद्दा व्यवस्थापनाकडून आधी मंजूर करून घ्या, मगच छापा.